शशिधरांचा पोल्स्का

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच गोष्ट वेळेआधी केली, ती म्हणजे मला होकार दिला. बघण्याचा कार्यक्रम संपायच्या आत यांचं 'पसंत' सांगून झालं होतं. त्यानंतरचं सगळं अगदी वेळेवर, एक मिनिट पुढे नाही की मागे नाही.

शशिधर मोकाशी (लिहिताना मी नाव घेते, समोर 'अहो'च) बर्मिंगहॅमला एका बस कंपनीत वेळापत्रकं बसवायचे. सव्वीस वर्षं तेच काम. कुठली बस कुठल्या स्टॉपवर किती वाजून किती मिनिटांनी आली पाहिजे हे ते ठरवायचे, आणि ती आली नाही की स्वतःचा अपमान झाल्यासारखं तोंड करून घरी यायचे. आमच्याकडे चहासुद्धा घड्याळ लावून उकळतो. पाहुणे हसतात. मी एकतीस वर्षं हसतेय, आता गाल दुखतात.

त्यांना व्हायोलिन येतं. सांगलीला आठ वर्षं शिकले होते, आपल्याकडे वाजवतात तसं, जमिनीवर बसून, उजवा पाय पुढे काढून, व्हायोलिनचं टोक घोट्यावर टेकवून. इथे आल्यावर गणपतीत मंडळात दोन-तीन भजनांना साथ करायची, एवढंच त्या वाद्याचं काम उरलं होतं. बाकी वर्षभर ते कपाटावर, सूटकेसच्या शेजारी.

दोन हजार पाचच्या ऑक्टोबरमध्ये माझा गुडघा कुरकुरायला लागला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, पोहा नाहीतर नाचा. पाण्याची मला भीती. आमच्या किंग्ज हीथ भागातल्या लायब्ररीत एक कागद लावलेला दिसला: स्कँडिनेव्हियन लोकनृत्य आणि संगीत, दर मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, चर्च हॉलमध्ये, जोडीदार नसला तरी चालेल. नवरा असून जोडीदार नाही अशी माझी केस, त्यामुळे ते शेवटचं वाक्य मला फार पटलं.

ग्रुप म्हणजे सात माणसं. सहा नाचणारी इंग्लिश मंडळी, त्यात ट्रेव्हर नावाचा सव्वासहा फुटी पोस्टमन, आणि वाजवणाऱ्या एकट्या गुनवोरबाई. वय एकाहत्तर, स्वीडनमधल्या कुठल्याशा जंगलाकाठच्या खेड्यातल्या. तरुणपणी नर्स म्हणून इथे आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो गेल्यावरही इथेच राहिल्या. अंगाने काटकुळ्या, पण व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं आणि पायाने ठेका धरला की अख्खा हॉल त्यांच्या ताब्यात. जोड्या एकमेकांना धरून स्वतःभोवती फिरत फिरत हॉलला फेरी घालायच्या. त्या नाचाचं नाव पोल्स्का. पहिल्याच संध्याकाळी ट्रेव्हरने मला असं काही फिरवलं की गुडघा आहे हेच मी विसरले.

शशिधर मला सोडायला आले होते. गाडी वळवून परत जायचे ते दारातच उभे राहिले.

"वैजू, हे काय वाजवतायत?" ते म्हणाले. "तीनच मात्रा आहेत, पण त्या सारख्या नाहीयेत."

"नाहीयेत तर नाहीयेत. आत या, दार उघडं ठेवू नका, हीटिंग जातंय."

आत आले ते आलेच. पुढच्या मंगळवारी व्हायोलिन घेऊन आले आणि सवयीप्रमाणे सरळ जमिनीवर बसले, पाय पुढे काढून. गुनवोरबाईंनी न बोलता एक खुर्ची आणून ठेवली. "पाय मोकळा हवा," त्या म्हणाल्या. "ठेका पायाने द्यायचा." इंग्रजीत 'यू' एकच, पण त्या माझ्या नवऱ्याला अरे-तुरे करतायत असंच मला ऐकू यायचं आणि मला ते आवडायचं. शशिधर खुर्चीवर बसले. ज्या पायाने जन्मभर फक्त व्हायोलिन तोलून धरलं होतं तो एकदम रिकामा झाला आणि त्याला काय करावं कळेना.

हिवाळाभर ते गुनवोरबाईंच्या मागे मागे वाजवायचे. सूर पाठ झाले. दर मंगळवारी माझ्याआधी तयार होऊन गाडीत बसायला लागले. साठीला टेकलेला माणूस, पण रविवारपासून विचारायचा, "परवा मंगळवार ना?" मी म्हणायची, हो, कॅलेंडर बदललेलं नाही.

मार्चमध्ये एकदा मधल्या सुट्टीत गुनवोरबाईंनी फ्लास्कमधली काळी कॉफी ओतता ओतता सांगून टाकलं. तीस जूनला त्या कायमच्या स्वीडनला चालल्या होत्या, धाकट्या बहिणीकडे. जाण्याआधी चोवीस जूनला, तिकडच्या मिडसमरच्या सणाला, नेहमीसारखा मेळावा करू. मग हसत म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली ग्रुपला. या हॉलमध्ये मी एकदाही नाचलेले नाही. नाचायला वाजवणारी मी एकटीच, मग माझ्यासाठी वाजवणार कोण?"

हसतच म्हणाल्या, पण मला चर्र झालं. लग्नात वाढून वाढून दमलेल्या आणि स्वतःच उपाशी राहिलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात.

"मी वाजवीन," शशिधर म्हणाले. "मेळाव्यात. तुम्ही नाचा."

मी कपाळाला हात लावला. ग्रुपच्या मागे मागे वाजवणं वेगळं, आणि एकट्याने चाळीस माणसं नाचवणं वेगळं. गुनवोरबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता, खोटं नाही सांगत.

"एक पोल्स्का," त्या म्हणाल्या. "एकच पुरे. पण सांगून ठेवते. आमच्या गावात वाजवणारा बरा नसला तर त्याला कुणी नाव ठेवत नाही. नाचणारे गुपचूप हवा खायला बाहेर जातात. आणि फार चांगला असला तर तो तिथे आहे हेच ते विसरतात."

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. यांनी मिनीडिस्कवर गुनवोरबाईंचं वादन रेकॉर्ड केलं, आलेखाच्या कागदावर एकेक ठोका मांडला, मिलिमीटरमध्ये. आठवडाभर जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. आणि एका शनिवारी सकाळी मी टोस्टला लोणी लावत असताना ते जिन्यावरून धावत खाली आले. धावत. मी त्यांना बस पकडायलासुद्धा धावताना पाहिलेलं नाही. त्यांच्या मते धावणं वेळेवर निघालेल्या माणसाला शोभत नाही.

"वैजू, हा रूपक आहे," ते म्हणाले. "सात मात्रा. पहिला ठोका दोन मात्रांचा, दुसरा तीन, तिसरा दोन. रूपकच, फक्त सहाव्या मात्रेवरून उचललेला."

त्यांनी टेबलावर बोटांनी वाजवून दाखवलं. बसत होतं. मलाही एकदम उकळी फुटली. सांगलीच्या गुरुजींचा ताल स्वीडनच्या जंगलात सापडला होता, तोही आमच्या किचनमध्ये. लेस्टरला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असलेल्या आमच्या तनूला फोन केला. ती म्हणाली, "वॉव, बाबा, यू क्रॅक्ड इट!" आणि तिची राउंड सुरू झाली.

मंगळवारी शशिधर कडक इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खुर्चीवर बसले, वाजवायला लागले. सुरात कण इकडचा तिकडे नाही, सात मात्रा घड्याळासारख्या. मी आणि ट्रेव्हर निघालो. पहिलं वळण घेतलं, दुसरं घेतलं, तिसऱ्याला ट्रेव्हरचा बूट माझ्या पायावर. मागची जोडी आमच्यावर आदळली. तिसरी जोडी भिंतीशी जाऊन थांबली. ट्रेव्हर भला माणूस, तो स्वतःच सॉरी म्हणत राहिला.

"या हॉलची जमीन फार गुळगुळीत आहे," शशिधर म्हणाले.

नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर नाचणारे दुसरेच. मी बोलणार होते, तेवढ्यात गुनवोरबाई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

"सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "फक्त त्यावर नाचता येत नाही. दुसरा ठोका लांब का, माहीत आहे? तिथे माणसं वळतात. ट्रेव्हरला वळायला वेळ लागतो, तुझ्या बायकोला कमी. जेवढा ज्याला लागेल तेवढा तो ठोका. तू मोजून दिलास, आणि त्यांना आणखी थोडा हवा होता." मग म्हणाल्या, "माझ्या वडलांनी मला दोन हिवाळे नुसतं नाचवलं. मग नाचासाठी वाजवायला दिलं. आमच्याकडे तशीच रीत आहे. तूही आधी नाच."

"मी नाचणार नाही," शशिधर म्हणाले, आणि व्हायोलिन केसमध्ये ठेवायला लागले.

त्यांची अडचण मला माहीत होती. पोल्स्कात जोडीदाराला जवळ धरावं लागतं. बाईच्या पाठीवर हात, तिचा हात खांद्यावर, दोघांचं वजन एकमेकांवर. हे असे की आमच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आम्हा दोघांमधून एक बस सहज जाईल. गुनवोरबाईंनी तीन मंगळवार आग्रह केला. हे आपले तिन्ही मंगळवार खुर्चीला चिकटून. एप्रिल संपत आला.

मग माझं डोकं फिरलं. माझं फिरायला वेळ लागत नाही. "शब्द तुम्ही दिलात," मी गाडीत म्हणाले. "कुणी मागितला नव्हता. त्या बाई नवे बूट घेऊन आल्यात नाचायचे, मला दाखवले त्यांनी. आता त्यांना जाऊन सांगा की मला बायकोच्या पाठीवर हात ठेवायची लाज वाटते म्हणून तुम्ही बसून राहा."

 रविवारी सकाळी मी खाली आले तर डायनिंग टेबल भिंतीला लावलेलं, खुर्च्या गार्डनमध्ये, पडदे ओढलेले. मध्ये शशिधर, मोजे घालून.

"दार लाव," ते म्हणाले.

पहिला तास नुसता पाय तुडवण्यात गेला. ते तोंडाने मोजत होते, एक दोन, एक दोन तीन, एक दोन. मोजताना अंग लाकडासारखं. मी सांगितलं मोजू नका, तर मनात मोजायला लागले. ओठ हलताना मला दिसत होते. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी वैतागून मी एजवेअरचा विषय काढला. आमचे श्रीकांत भावजी लंडनमध्ये एजवेअरला राहतात, आणि एकोणनव्वद साली त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही जेवणं उरकल्यावर पोहोचलो होतो, कारण यांनी प्रवासाचा हिशेब मिनिटावर बसवला होता.

"तुमच्यामुळे," मी म्हणाले. "अर्धा तास आधी निघूया म्हणत होते मी."

"माझ्यामुळे कसं? लंडनची कोच उशिरा सुटली. दहा चाळीसची कोच दहा चाळीसला सुटायला नको?"

"नाही सुटत. जगात कुणाची सुटत नाही."

"म्हणून आपणही वाटेल तेव्हा निघायचं? आणि तुला साडी नेसायला किती वेळ लागला ते सांग ना."

"अकरा मिनिटं."

"सतरा. मी पाहत होतो."

"पाहत होतात तर मदत करायची होती."

असं आमचं चाललेलं, आणि माझ्या लक्षात आलं की आम्ही खिडकीपाशी आलो, मग दाराशी, मग परत खिडकीपाशी. पाय पडत होते. भांडणाच्या नादात त्यांनी मला पाठीला घट्ट धरलं होतं, गुडघे खाली जात होते, वर येत होते, आणि जिथे वळायचं तिथे ते हवा तेवढा वेळ घेत होते. मी त्याबद्दल हूं की चूं केलं नाही. श्रीकांत भावजींच्या बायकोने शिरा वाढला नव्हता, तोही मुद्दा उकरून काढला आणि आणखी दोन फेऱ्या मारून घेतल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं. ते बोलायचे थांबले, पण पाय थांबले नाहीत. मला लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. या माणसाबरोबर इतकी वर्षं काढली आणि त्याच्या हाताला एवढा जोर आहे हे मला तेव्हा कळलं.

त्यानंतर आम्ही कुठेही नाचायला लागलो. किचनमध्ये, लँडिंगवर, एकदा डीआयवायच्या दुकानात रंगाच्या डब्यांमध्ये. तनू वीकएंडला आली आणि दारातच थांबली. "आई, बाबा नाचते? मी रडणार आता," ती तिच्या इथल्या मराठीत म्हणाली. ती खरंच रडली आणि मग तिनेही दोन फेऱ्या मारल्या.

वाजवणं मात्र अजून भरवशाचं नव्हतं. मंगळवारी कधी असं जमायचं की ट्रेव्हर ओरडायचा. कधी घाबरले की परत मोजायला लागायचे, आणि आम्ही एकमेकांच्या पायांवर. मेळाव्याच्या आदल्या मंगळवारी तीनपैकी दोन पोल्स्का फसले. गुनवोरबाई म्हणाल्या, "बघू." बूट पिशवीत ठेवताना त्यांनी त्यांच्यावरची धूळ रुमालाने पुसली, जी तिथे नव्हती.

चोवीस जूनला ऊन पडलं. वर्ल्ड कप चालू होता, रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांना इंग्लंडचे झेंडे, आणि त्याच दुपारी स्वीडनचीही मॅच. आम्हाला वाटलं कुणी येणार नाही. आले चाळीसच्या वर. एका ग्रुपची मंडळी तर लेस्टरहून आली होती, मुरलेले नाचणारे. सहज टाकलेलं पाऊलसुद्धा तालात पडेल असे. हॉल पानाफुलांनी सजवलेला, खिडक्या सताड उघड्या. गुनवोरबाईंनी तासभर एकटीने वाजवलं आणि सगळ्यांचा घाम काढला. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते, पण माझं लक्ष यांच्याकडे. ते भिंतीशी बसून गुडघ्यावर बोटं आपटत होते. सात. मला लांबून कळत होतं.

मग गुनवोरबाईंनी व्हायोलिन केसमध्ये ठेवलं. खाली वाकून जुने बूट काढले, नवे घातले, नाड्या बांधल्या. उभ्या न राहता तशाच बाकावर बसून राहिल्या, हात मांडीवर. शशिधर खुर्चीत जाऊन बसले आणि वाजवायला लागले.

सूर गोड होता. मी ट्रेव्हरबरोबर निघाले, आणि पहिल्या वळणालाच कळलं. मोजत होते. कोरून काढल्यासारखे सात. एक फेरी कशीबशी झाली. लेस्टरच्या एका जोडप्याने हसून मान तुकवली आणि ते दाराकडे गेले. हवा खायला. त्यांच्या मागून आणखी एक जोडी. मग तिसरी.  ओरडून काही सांगावं तर काय सांगणार? गुनवोरबाई बाकावरून उठल्या नव्हत्या. मी पाहिलं, त्यांचा हात हळूच शेजारच्या केसकडे गेला आणि त्यांनी कडी उघडली. त्या परत वाजवायला घेणार होत्या. मेळावा वाचवायला, आणि यांची अब्रू वाचवायला.

शशिधरांनीही ते पाहिलं.

ते उभे राहिले. वाजवता वाजवताच उठले, पायाने खुर्ची मागे ढकलली, ती पडली. आणि गुडघे वाकवायला लागले. डायनिंग रूममध्ये वाकवायचे तसेच, खाली, वर, आणि वळायच्या जागी आणखी थोडे खाली. पोट हलत होतं, चष्मा नाकावर घसरला होता, इस्त्रीचा शर्ट पॅंटमधून बाहेर. गणपतीत दोन तास पापणी न हलवता वाजवणारा हा माणूस. त्यांचे ओठ बंद होते. आणि दुसरा ठोका लांबला, नुसता मोजण्याइतका नाही, ट्रेव्हरला लागतो तेवढा. ट्रेव्हर म्हणाला, "ओह," आणि मला घेऊन फिरला.

हॉल भरला. बाहेर गेलेले दारातून नाचतच आत आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आम्ही बाकापाशी पोहोचलो तेव्हा गुनवोरबाई उभ्या होत्या. मी ट्रेव्हरचा हात सोडला आणि त्यांच्या हातात दिला. ट्रेव्हरने त्यांना पाठीला धरलं, आणि त्या गेल्या.

मी भिंतीशी उभी राहिले. मला धाप लागली होती आणि बसवत नव्हतं. पहिल्या फेरीला त्या यांच्यासमोरून गेल्या तेव्हा त्यांचे डोळे यांच्या गजावर होते, मास्तरीण वही तपासते तसे. दुसऱ्या फेरीला एकदा कटाक्ष टाकला. तिसऱ्या फेरीला त्यांनी ट्रेव्हरच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटले. त्यानंतर त्या यांच्यासमोरून किती वेळा गेल्या, पण त्यांना तिथे कुणी वाजवतंय हेच आठवत नव्हतं. एकाहत्तर वर्षांची बाई, पाय जमिनीला लागताना ऐकू येत नव्हते. ट्रेव्हर दमला तर तिने दुसरा धरला. एक पोल्स्का म्हणाली होती. शशिधर सूर संपवून परत पहिल्यापासून घेत राहिले, घामाने डोळे चुरचुरत असतील, पण थांबले नाहीत. ती थांबेपर्यंत वाजवायचं होतं, आणि ती थांबत नव्हती.

संध्याकाळी हॉल झाडून आम्ही गाडीत बसलो.  गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"गुनवोर काही म्हणाल्या का?" त्यांनी विचारलं. "माझ्या वाजवण्याबद्दल?"

"काही नाही."

"पण माझ्याकडे बघत होत्या ना? मला चष्म्यातून दिसत नव्हतं."

"पहिल्या दोन फेऱ्यांना बघितलं," मी म्हणाले. "मग डोळेच मिटले. नंतर तुम्ही तिथे आहात हे त्यांच्या गावीही नव्हतं. एकदाही बघितलं नाही तुमच्याकडे."

त्यांनी इंडिकेटर दिला, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"परत सांग," ते म्हणाले.